मृगाच्या आधी घ्यायची सुई

२००९ सालच्या जूनमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलं एकामागून एक आजारी पडू लागली. ताप, खोकला, धरलेला घसा, मोडून आलेलं अंग. २४ जून ते ३० जुलै या काळात त्या साथीची रीतसर पाहणी झाली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध केली. शाळेत एकूण ४१५ माणसं होती. त्यांतल्या २९५ जणांना फ्लूसारखा आजार झाला, म्हणजे शंभरात एकाहत्तर जणांना. तपासण्या झाल्यावर मात्र नव्या स्वाइन फ्लूचे रुग्ण म्हणून १७६ जणच मोजता आले. आणि त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली ती २१६ जणांच्या. शाळेबाहेरच्या वस्तीत हेच प्रमाण शंभरात नऊ होतं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला तो यानंतर, ३ ऑगस्टला.

फ्लूच्या लशीबद्दल सातारा-सांगलीकडच्या दवाखान्यांत जे प्रश्न विचारले जातात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची मुळं या आकड्यांत सापडतात. ताप-खोकल्याने पडलेल्या प्रत्येकाला फ्लूच असतो असं नाही. एकाच शाळेत, एकाच साथीत, शंभराहून जास्त आजाऱ्यांच्या तापामागे तो नवा विषाणू सिद्ध झाला नाही. दुसरीकडे काही जणांना लागण होऊनही आजार जाणवला नसावा. आपण ज्याला सरसकट ‘व्हायरल’ म्हणतो, त्यात सर्दीचे नाना विषाणू असतात, लहान मुलांना दमवणारा आरएसव्ही असतो, आता करोनाही असतो, आणि फ्लू त्यांतला एक. फ्लूची लस फक्त फ्लूला अडवते. जूनमध्ये सुई घेतली आणि ऑगस्टमध्ये शिंका सुरू झाल्या, तर लस वाया गेली असं लगेच म्हणू नये. त्या शिंका बहुतेक वेळा दुसऱ्याच विषाणूच्या असतात.

मग लस किती राखते? हे नीट कळायचं तर मोजणी कशी होते ते आधी समजून घ्यावं लागेल. जगात अनेक देशांत ठरावीक फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांचं जाळं असतं. तिथे ताप-खोकला घेऊन येणाऱ्यांच्या नाका-घशाचा स्वॅब घेतात. काहींना फ्लू निघतो, काहींना निघत नाही. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती होते ते पाहतात. फ्लू निघालेल्यांत लसवाले कमी आणि न निघालेल्यांत जास्त असतील, तर त्या फरकावरून लशीचं संरक्षण काढता येतं. कॅनडात ही पद्धत २००४ पासून रुळली, युरोपातही तशी जाळी आहेत. या पद्धतीचं मोल असं की ती रुग्णालयातल्या अत्यवस्थ माणसांची नाही, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या साध्या रुग्णांची गोष्ट सांगते. तुमची-माझी गोष्ट तीच.

अशा अनेक अभ्यासांची बेरीज २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वाइन फ्लूच्या, म्हणजे २००९ पासून फिरणाऱ्या एच१एन१ विषाणूविरुद्ध लशीचं संरक्षण सुमारे ६१ टक्के निघालं. बी प्रकारच्या फ्लूविरुद्ध ५४ टक्के. आणि एच३एन२ या प्रकाराविरुद्ध फक्त ३३ टक्के. एच३एन२ फार लवकर रूप बदलतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या हिवाळ्यात त्याने असं रूप पालटलं की त्या वर्षीची लस एकूण जेमतेम १९ टक्के कामाची ठरली. जमलेल्या वर्षी हाच आकडा चाळीस ते साठच्या दरम्यान असतो. २०२३ च्या जानेवारी-मार्चमध्ये आपल्या देशात जो लांबलेला खोकला घरोघर ऐकू येत होता, त्यात मोठा वाटा याच एच३एन२ चा होता.

साठ टक्के म्हणजे काय, इथे फार गोंधळ होतो. लस घेतलेल्या शंभरांपैकी साठ सुरक्षित आणि चाळीस आजारी, असा त्याचा अर्थ नाही. समजा एखाद्या मोसमात लस न घेतलेल्या शंभर जणांपैकी दहा जणांना फ्लू होणार होता. साठ टक्के संरक्षणाची लस त्या शंभर जणांना दिली, तर दहाच्या जागी चार जणांना होईल. संरक्षण तेहतीस टक्केच असेल तर दहाच्या जागी सहा-सात जणांना. उरलेल्या नव्वदांना त्या वर्षी फ्लू तसाही होणार नव्हता. त्यांना सुईचा फायदा दिसत नाही, आणि सुई घेऊनही ज्या चौघांना झाला, ते गावभर सांगतात. ज्या सहा जणांचा फ्लू टळला, त्यांना तो टळला हे कधीच कळत नाही. गावात लशीचं नाव खराब होतं ते असं.

वयस्कर माणसांचा हिशेब आणखी स्पष्ट मांडता येतो. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात पासष्टीपुढच्या, लस न घेतलेल्या शंभर जणांत एका मोसमात साधारण सहा जणांना फ्लू झाला, लस घेतलेल्यांत दोन-अडीच जणांना. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचा फ्लू टाळायला सुमारे तीस जणांना सुई द्यावी लागते. धडधाकट प्रौढांत हाच आकडा एकाहत्तर आहे. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. लशीची जाहिरात करणारे ते सहसा सांगत नाहीत आणि लशीला नावं ठेवणारे तेवढेच सांगतात. दोघांचंही चुकतं. तीस जणांमागे एक फ्लू टळला, पण तो कुणाचा टळला हे पाहिलं पाहिजे. विशीतल्या पोराचा चार दिवसांचा ताप आणि दोनदा ॲन्जिओप्लास्टी झालेल्या आजोबांचा चार दिवसांचा ताप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

फ्लू फुप्फुसाशी थांबत नाही. अंगातली सूज वाढते, हृदयावर ताण येतो, रक्तातली साखर हाताबाहेर जाते. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. आठ देशांतले अडीच हजारांवर रुग्ण तिच्यात होते, त्यांत बांगलादेशचेही. २०२१ मध्ये निकाल आला. झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंट बंद होणं यांतलं काही घडलं ते शंभरात ५.३ जणांत, खोटी सुई दिलेल्यांत ७.२ जणांत. नुसते मृत्यू पाहिले तर २.९ विरुद्ध ४.९. हृदयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या वर्षानुवर्षं न चुकता घेणाऱ्या घरांत या सुईचं नावही निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लस घेऊनही फ्लू झाला तर तो अंगावर कमी येतो, असं डॉक्टर सांगतात. त्याला आधार आहे. २०२१ च्याच एका एकत्रित अभ्यासात, फ्लूने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या प्रौढांपैकी लस घेतलेल्यांना आयसीयूत जावं लागण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला. ही लस चिलखत नाही. पावसात घोंगडी पांघरून निघाल्यासारखं आहे ते: भिजतो, पण हाडापर्यंत ओल जात नाही.

परदेशातले आकडे आपल्या मातीला लागू होतात का, ही शंका रास्त आहे. आपल्या देशात हरियाणातल्या बल्लभगड परिसरातल्या तीन खेड्यांत सलग तीन वर्षं एक चाचणी झाली. घरंच्या घरं गटात घेतली. काही घरांतल्या मुलांना फ्लूची लस, काहींतल्या मुलांना पोलिओची सुई. पहिल्या वर्षी मुलांना मिळालेलं संरक्षण पाव भागाएवढंच निघालं, दुसऱ्या वर्षी चाळीस टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी तीन-चतुर्थांशाजवळ. तीच खेडी, तीच घरं, तरी एवढा फरक. त्या त्या वर्षी कोणता विषाणू फिरतो आणि लशीशी त्याचं किती जुळतं, यावर सगळं अवलंबून. ‘गेल्या वर्षी घेतली होती, काही उपयोग झाला नाही’ म्हणून यंदा सोडणाऱ्याने हे तीन आकडे लक्षात ठेवावेत.

आणि आपल्याकडे लस घेतो तरी कोण? २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ४५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी फ्लूची लस कधी तरी घेतलेले शंभरात दीड जण निघाले. त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चाललं होतं? २०१५ मध्ये राज्यात स्वाइन फ्लूचे साडेआठ हजारांवर रुग्ण आणि ९०५ मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये पुन्हा ७७८ मृत्यू, २०१८ मध्ये ४६१. मधल्या २०१६ मध्ये साथ ओसरली होती, आणि लोकही विसरले होते. आपली स्मरणशक्ती साथीएवढीच टिकते. बातम्या सुरू झाल्या की मेडिकलच्या दारात रांग लागते, तेव्हा लस संपलेली असते. आणि मिळाली तरी अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

म्हणून केव्हा घ्यायची, हा आपल्या दोन जिल्ह्यांसाठी सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. युरोप-अमेरिकेत ही लस ऑक्टोबरात घेतात, कारण तिथला फ्लू हिवाळी. श्रीनगरचाही तसाच. पण देशातल्या निरनिराळ्या शहरांतल्या विषाणूंच्या नोंदी राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा पुण्यासह बहुतेक ठिकाणी फ्लूचा जोर पावसाळ्यात दिसला. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातल्या नोंदीही रुग्णालयात जाणाऱ्या फ्लूचा संबंध पावसाळ्याशी जोडतात. या अभ्यासांतून सल्ला निघाला तो असा, की आपल्यासारख्या भागात एप्रिल-मे महिन्यांत लस घ्यावी. आपल्या भाषेत, अक्षय तृतीयेपासून मृग निघेपर्यंत. बी-बियाण्यांची, खतांची जमवाजमव चालू असते तेव्हाच.

महाबळेश्वर, पाटण, शिराळा या घाटाकडच्या भागात जून-जुलैत माणसं दिवस-दिवस घरात कोंडलेली असतात. माण, खटाव, जत, आटपाडीत खरा पाऊस पुष्कळदा परतीचा. पण विषाणू पावसाच्या थेंबातून येत नाही, तो माणसातून येतो. जूनच्या मध्याला शाळा भरतात, एका बाकावर तिघं बसतात, आणि घरोघर खोकला पोहोचतो. त्याच दिवसांत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरून पुढे जाते. लाखो माणसं एकत्र चालतात, एकत्र झोपतात, एका तांब्याने पाणी पितात. वारीला जाणाऱ्यांत साठी ओलांडलेले किती असतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. वारकऱ्याने, आणि दिंडीची पंगत वाढणाऱ्या फलटणकरानेही, प्रस्थानाच्या निदान दोन आठवडे आधी सुई घेतलेली असावी. दिंडीप्रमुखांनी भिशीचा हिशेब घालतानाच ही यादी केली तर उत्तमच.

मृग चुकला तर? तरीही घ्यावी. आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये फ्लूची दुसरी, लहान लाट येते. दिवाळीला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, खानापूर-विट्याकडचे गलाई व्यावसायिक देशभरातून घरी परततात, कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या पालांत उतरतात. गणपतीनंतर घेतलेली लस या दिवसांत कामाला येते. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की संरक्षण महिन्यागणिक उतरत जातं. परदेशातल्या दवाखान्यांतल्या नोंदींत ते दर महिन्याला सहा ते अकरा टक्क्यांनी घसरताना दिसलं आहे. त्यामुळे गेल्या मे महिन्यातल्या सुईवर पुढचा पावसाळा निघत नाही. शिवाय विषाणू बदलतो म्हणून लशीतले घटकही बदलतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ते ठरवते, फेब्रुवारीच्या सुमारास उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरच्या सुमारास दक्षिण गोलार्धासाठी. आपण राहतो उत्तर गोलार्धात, पण आपला फ्लू येतो पावसाळ्यात, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस मिळाली तर ती आपल्याला सोयीची. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, तो डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा. नेमकी तीच मिळाली नाही, तर जी सगळ्यात ताजी आणि मुदतीतली आहे ती घ्या. परिपूर्ण लशीची वाट पाहत बसण्यात पावसाळा निघून जातो.

तीन घटकांची घ्यावी की चार, असंही काही जण विचारतात. बी फ्लूच्या दोन वाणांपैकी यामागाता नावाचा वाण मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही, म्हणून आता तीन घटकांची लस पुरे, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. चार घटकांची समोर असेल तर तीही चालते. त्यासाठी जादा पैसे मोजायची किंवा सांगलीहून पुण्याला धावायची गरज नाही.

खर्चाचं बोलायलाच हवं. देशाच्या नेहमीच्या लसीकरणात, म्हणजे बाळांच्या पिवळ्या-गुलाबी कार्डावर, फ्लूची लस नाही. (पेंटाव्हॅलंटमध्ये ‘एच. इन्फ्लुएंझा’ असं नाव दिसतं आणि आईवडिलांना वाटतं बाळाची फ्लूची लस झाली. तो एक जिवाणू आहे, नाव सारखं असलं तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही.) खाजगी दवाखान्यात एक सुई साधारण दीड-दोन हजारांच्या घरात जाते. पाच माणसांच्या घराला ते परवडणारं नाही, शेतमजुराच्या घराला तर नाहीच. पण राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी मोफत लस द्यायला सुरुवात केली. आरोग्य कर्मचाऱ्यांनाही ती दिली जाते. साठा दरवर्षी सारखा नसतो. म्हणून एप्रिल संपताना आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना विचारून ठेवावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव द्यावं. कुणी विचारतच नाही, तेव्हा मागणीही दिसत नाही. ग्रामपंचायतीने आणि साखर कारखान्याने यात लक्ष घातलं तर पुष्कळ होईल. सभासदांसाठी डोळ्यांची शिबिरं भरवता येतात, तशी मे महिन्यात हीही भरवता येईल.

पैसे एकाच सुईपुरते असतील तर ती कुणाला? माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात गरोदर बाई असेल तर आधी तिला. गरोदरपणात फ्लू फार वाईट वळण घेतो, हे २००९ नंतरच्या प्रत्येक साथीने दाखवलं आहे. शिवाय त्या सुईत दोन जीव राखले जातात. बांगलादेशातल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणी लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत होणारा फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला मिळणारं संरक्षण आईकडूनच येतं. सरकारी मोहिमेत ही लस चौथ्या महिन्यापासून पुढे देत आले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती गरोदरपणात केव्हाही चालते. सुनेला सुई नको, बाळाला त्रास होईल, असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हा ६३ चा आकडा जरूर सांगावा.

त्यानंतर घरातले म्हातारे, त्यातही ज्यांना शुगर, हृदयविकार, दमा, जुनाट धाप, किडनीचा आजार आहे किंवा जे कॅन्सरचे उपचार घेत आहेत ते. मग पाच वर्षांखालची मुलं. मुलांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच ही लस देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन सुया लागतात. एक देऊन दुसरी विसरली, तर संरक्षण अर्धवट राहतं. पुढच्या वर्षापासून एकच. आणि आशाताई, सिस्टर, दवाखान्यातले कंपाउंडर, अंगणवाडीताई यांनी स्वतःसाठी घ्यावी, कारण दिवसभर सगळा खोकला त्यांच्याच तोंडावर येतो.

करोनाची लस झाली म्हणून फ्लूची नको, हा समज चुकीचा. न्यूमोनियाची लस वेगळी, तीही फ्लूची जागा घेत नाही; वयस्करांना दोन्ही लागतात, आणि एकाच दिवशी दोन दंडांवर देता येतात.

सुईची भीती असते, ती समजण्यासारखी आहे. फ्लूच्या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, कुणाला कणकण येते, पॅरासिटामॉलने भागतं. अंड्याची ॲलर्जी हा आता अडसर मानत नाहीत. आधीच्या डोसने अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल तर मात्र घेऊ नये. अंगात चांगला ताप असेल तर उतरू द्यावा. नुसत्या सर्दीसाठी पुढे ढकलू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं, सुईनंतर जागा दोन-चार मिनिटं दाबून धरली की झालं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलेन बारीचे रुग्ण वाढले तेव्हापासून या आजाराची धास्ती आपल्याकडेही पोहोचली आहे. ती साथ दूषित पाण्याशी जोडली गेली होती, लशीशी नाही. फ्लूच्या लशीमुळे हा आजार झालाच तर दहा लाखांत एक-दोन जणांना होतो. ज्यांना पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत तो झाला होता, त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

जिथे सुई घ्याल तिथला फ्रिज बघायला लाजू नका. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. तापली तरी बिघडते आणि गोठली तरी बिघडते. मे महिन्यात वीज दुपारची जाते, आणि लस खेड्यातल्या मेडिकलमधून पिशवीत घालून दवाखान्यापर्यंत नेली जाते. बर्फाच्या डब्याशिवाय ती नेऊ नये. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. सुई झाल्यावर लशीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख कार्डावर लिहून घ्या.

लस घेतली तरी पावसाळ्यात ताप येऊ शकतो, आणि तेव्हा वेळ फार मोलाची असते. धडधाकट माणसाला ताप-खोकला असेल, धाप नसेल, तर घरी विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल आणि घरच्यांपासून थोडं अंतर एवढं पुष्कळ आहे. स्वॅबची गरज नसते. ‘सलाईन लावा, लवकर बरं वाटेल’ हा आग्रह सोडावा. फ्लूवर ॲन्टिबायोटिकचाही उपयोग नाही, आणि मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. पण गरोदर बाई, म्हातारा, शुगरचा किंवा हृदयाचा रुग्ण, पाच वर्षांखालचं मूल यांना ताप-खोकला आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे लोक ज्याला टॅमीफ्लू म्हणतात ते औषध, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा गुण चांगला येतो. स्वॅबच्या निकालासाठी थांबू नये, डॉक्टर लक्षणांवरूनच ते सुरू करू शकतात. लस झालेली असली तरीही.

आणि दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखं निळसर होणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, बाळाने दूध सोडणं किंवा सारखं किरकिरणं, उतरलेला ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा जोराने चढणं, यांतलं काहीही दिसलं तर गावातल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, यांतलं जवळचं गाठा. तिथे पोहोचल्यावर ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, टॅमीफ्लूची पहिली गोळी केव्हा पोटात गेली आणि फ्लूची लस कोणत्या तारखेला घेतली, हे तीन तपशील आधी सांगा. लशीचं कार्ड सोबत न्या.